सत्तेबाहेरचे यशवंतराव

मार्च १९७७ चे निकाल लागले तेव्हा मी जालन्यात बी.ए.ला होतो, विषय राज्यशास्त्र. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या होत्या. जालन्यातूनही काँग्रेसचा पराभव करून पुंडलिक हरी दानवे लोकसभेवर निवडून गेले होते. आम्ही पोरं गुलालात न्हाऊन घरी आलो, तर माझे वडील, अण्णा, ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेले. त्यांना साताऱ्याचा निकाल ऐकायचा होता. यशवंतराव चव्हाण निवडून आल्याचं कळलं तेव्हाच ते जेवायला उठले.

अण्णा मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होते. रझाकारांच्या काळात आमचं कुटुंब रातोरात गाव सोडून बुलढाण्याच्या हद्दीत गेलं होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये जनरल चौधरींच्या फौजांनी निजामाची राजवट संपवली, तेव्हा कुठे घराची कुलपं उघडली. त्यामुळे पाठीशी सरकार असणं म्हणजे काय, हे अण्णांना कुणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती. १९६२ मध्ये चीनपुढे झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून यशवंतरावांना बोलावलं. सप्टेंबर १९६५ मध्ये छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी तिथल्या तिथे दिली. त्या वेळी लष्करप्रमुख होते तेच जनरल चौधरी. ही जोडी अण्णा सणावाराला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. १९६६ च्या नोव्हेंबरात यशवंतराव गृहमंत्री झाले. सीमेवरची फौज आणि देशाच्या आतलं पोलीस खातं, दोन्हींचा कारभार त्यांनी पाहिला.

आता असा माणूस लोकसभेत विरोधी पक्षनेता झाला होता. अण्णांना ते सहन होईना. "ज्यांच्या शब्दावर विमानं उडाली, त्यांनी आता प्रश्न विचारत बसायचं का?" ते म्हणायचे. मी म्हणायचो, "अण्णा, विचारायलाच हवेत. त्यांना आतलं सगळं ठाऊक आहे."

आमचा खरा वाद आणीबाणीवरून व्हायचा. त्या एकवीस महिन्यांत यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते आणि त्यांनी जाहीरपणे विरोध केला नाही. माझी फी ज्या सवलतीतून माफ झाली होती, ती त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात गरीब घरांतल्या मुलांसाठी सुरू झालेली. त्यांचे उपकार मी जाणत होतो, तरी त्यांचं ते मौन मला तेव्हा खुपायचं आणि आजही खुपतं.

म्हणूनच १९७७ च्या एका कायद्याने मला हलवून टाकलं. लोकसभा आणि राज्यसभेतल्या विरोधी पक्षनेत्यांना कॅबिनेट मंत्र्याच्या तोडीचं वेतन आणि सोयी देणारा हा कायदा जनता सरकारने केला. तुरुंगातून सुटून सत्तेवर आलेल्यांनी, ज्या मंत्रिमंडळाने आपल्याला कोंडलं त्यातल्याच एका मंत्र्याला हा मान दिला. लोकशाही मला जी काही कळली, ती इथून कळत गेली.

१९७८ च्या जानेवारीत काँग्रेस फुटली. एप्रिलमध्ये इंदिरा गटाचे सी. एम. स्टीफन विरोधी पक्षनेते झाले. पण जुलै १९७९ मध्ये ते पद पुन्हा यशवंतरावांकडे आलं आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या सरकारवरचा अविश्वासाचा ठराव त्यांनी मांडला. मतदानाआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती संजीव रेड्डींनी सरकार बनवण्यासाठी यशवंतरावांना विचारलं, तेव्हा मोंढ्यात हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळे रेडिओभोवती थांबायला लागले. मराठी पंतप्रधान होणार, या आशेने अण्णांना रात्री झोप नव्हती. बहुमत काही जुळलं नाही. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान व गृहमंत्री. अण्णा खूश होते, मी मात्र रागावलो होतो. विरोधी बाकावर त्यांचा शब्द जड होता. तो त्यांनी अशा सरकारसाठी खर्च केला, जे लोकसभेला सामोरं न जाताच २० ऑगस्टला कोसळलं.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे जिल्हा परिषद आली, आणि ती व्यवस्था उभी करणारा १९६१ चा कायदा यशवंतरावांच्या सरकारने केलेला. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणतंही मंत्रिपद नव्हतं. सत्तेत असताना केलेलं काम सत्ता गेल्यावरही लोकांच्या दाराशी येतं, असं अण्णा मला त्या संध्याकाळी म्हणाले. तिथे आमचं दोघांचं जुळलं.

पुढे मी राज्यशास्त्र शिकवायला लागलो. भोकरदन, मंठा, घनसावंगीकडून येणारी बरीचशी मुलं पोलीस भरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करत असायची. गृहमंत्री त्यांना चटकन कळायचा. "सर, पण विरोधी पक्षनेत्याच्या हातात असतं काय?" हा प्रश्न दर वर्षी यायचा. मी सांगायचो, की सीबीआयचा संचालक, केंद्रीय दक्षता आयुक्त, लोकपाल निवडताना त्याचा आवाज असतो. पोलिसांनी चुकीच्या माणसाला धरलं तर सभागृहात सरकारला जाब विचारणारा तोच. तुम्ही वर्दी घालाल तेव्हा तुम्हाला चुकीचा हुकूम येऊ नये, यासाठीही तो लागतो.

एकाही विरोधी पक्षाकडे एक दशांश जागा नाहीत, म्हणून २०१४ ते २०२४ लोकसभेत हे पद रिकामं राहिलं. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत एकाही विरोधी पक्षाला एक दशांश जागा मिळाल्या नाहीत आणि तीच चर्चा इथेही सुरू झाली. १९७७ च्या कायद्यात एक दशांशाची अट नाही. सर्वांत मोठा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच त्यात आहे. हरलेल्यांची संख्या कितीही कमी असो, त्यांच्या नेत्याला ती खुर्ची मिळालीच पाहिजे, असं मी मुलांना सांगत आलो. आता निवृत्त झालो तरी भेटेल त्याला हेच सांगतो.