पोडियमवरची बाग आणि जमिनीतले झाड

चि. अनघा हीस,


इमारतीच्या पुनर्विकासाच्या आराखड्यात मागच्या अंगणातील जुन्या झाडांऐवजी पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, बाग दाखवलेली असताना समितीने त्या झाडांसाठी आग्रह धरावा काय, आणि झाडांचा माणसाच्या प्रकृतीशी असलेला संबंध खरोखर सिद्ध झाला आहे काय, हे तुझ्या पत्रातील दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी शोधावे लागते. कारण सर्वसाधारण सभेत भावनेची दखल घेतली जाते, पण ठराव होतो तो वाढीव कार्पेट एरियावर.

या विषयात वारंवार उल्लेखिला जाणारा अभ्यास रॉजर उलरिच यांचा असून तो 1984 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि वय, लिंग, धूम्रपान, लठ्ठपणा अशा बाबतींत जुळणाऱ्या रुग्णांच्या 23 जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, तर दुसऱ्याच्या खिडकीतून तपकिरी विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी 7.96 दिवस रुग्णालयात राहिले, भिंत दिसणारे 8.70 दिवस, शिवाय पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि परिचारिकांच्या टिपणांत त्यांच्याविषयी प्रतिकूल शेरेही कमी आढळले. तेथील झाडे हिवाळ्यात निष्पर्ण होत असल्याने उलरिच यांनी केवळ 1 मे ते 20 ऑक्टोबर या काळातील रुग्ण निवडले होते, आणि अशा काटेकोरपणामुळेच इतका लहान अभ्यास आजवर विचारात घेतला जातो. (आता हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो, त्यामुळे पाऊण दिवसाचा तो फरक आज तसाच दिसेल असे नाही.)

तरीही संशयी सभासद एक रास्त आक्षेप घेऊ शकेल. बागेसमोरचे किंवा टेकडीकाठचे घर महाग असते, ते घेणारा मुळातच सुस्थितीत असतो, त्याला चांगला आहार आणि वेळेवर उपचार मिळतात. तेव्हा हिरव्या वस्तीतील माणसे अधिक निरोगी आढळली, तर त्याचे श्रेय झाडांना द्यावे की पैशाला? केवळ पाहण्या करून हा गुंता सुटत नाही. अमेरिकेत पाचूच्या रंगाच्या एका परदेशी भुंग्याने अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडे मारली, तेव्हा संशोधकांना एक अनपेक्षित कसोटी मिळाली, कारण भुंगा माणसांचे उत्पन्न पाहून झाड निवडत नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणात 15 राज्यांतील 1990 ते 2007 या काळातील नोंदी घेतलेल्या असून, कीड पसरलेल्या जिल्ह्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी 15,080 आणि श्वसनमार्गाच्या खालच्या भागाच्या विकारांनी 6,113 अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, हे विसरू नये.

याहून भक्कम पुरावा फिलाडेल्फिया शहरात मिळाला, आणि सभेत सांगण्यासारखा तोच आहे. तेथे ओसाड, कचरा साचलेले 541 भूखंड घेऊन त्यांच्या समूहांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगावर सोपवून तीन गटांत विभागणी करण्यात आली. अशा विभागणीस यादृच्छिक विभागणी म्हणतात, आणि तिच्यामुळे श्रीमंत-गरीब हा भेद सर्व गटांत सारखाच वाटला जातो. एका गटातील भूखंड साफ करून तेथे गवत व थोडी झाडे लावली, भोवती बुटके लाकडी कुंपण घातले आणि पुढे नियमित निगा राखली. दुसऱ्यात फक्त कचरा उचलला. तिसऱ्यात काहीच केले नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काहीच न केलेल्या गटाच्या तुलनेत हिरव्या केलेल्या भूखंडांजवळच्या रहिवाशांत खिन्न वाटण्याचे प्रमाण 41.5 टक्क्यांनी घटले आणि दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत ही घट त्याहूनही मोठी होती, परंतु नुसता कचरा उचलल्याने लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे ज्यांच्याकडे सुट्टीत महाबळेश्वर गाठण्याइतका पैसा नाही, त्यांनाच दारातल्या हिरवळीचा लाभ सर्वाधिक होतो.

हे कसे घडते, याविषयी सभेत प्राणवायूचा मुद्दा काढू नये. हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतोच आणि अंगणातील चार झाडांनी तो मोजण्याइतका वाढत नाही. सावली आणि बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांवाटे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडून भोवतालची उष्णता शोषली जाणे, ही दोन कारणे अधिक पक्की आहेत; एप्रिल-मे महिन्यांत वृद्धांच्या हृदयावर पडणारा ताण ती हलका करतात. दुसरे स्पष्टीकरण रेचल आणि स्टीफन कॅप्लान या मानसशास्त्रज्ञांचे आहे: कामात लक्ष बळाने एकाग्र ठेवावे लागते आणि ती शक्ती थकते, तर पानांची हालचाल लक्ष विनासायास गुंतवते, त्यामुळे थकलेल्या शक्तीला विश्रांती मिळते. याउलट, झाडांबरोबर परागकणांची अ‍ॅलर्जी येते आणि पावसाळ्यात कमकुवत गुलमोहर कोसळतात, हेही विरोधकांनी सांगण्यापूर्वी समितीनेच सांगावे.

आता पोडियमकडे वळता येते. स्लॅबवर मातीची खोली मर्यादित असते आणि त्यात हिरवळ, कुंड्यांतील पाम व शोभेची झुडपे वाढतात. कडुनिंब किंवा आंबा यांसारख्या वृक्षाचा पूर्ण विस्तार तेथे होत नाही. त्यामुळे डोळ्यांना होणारा लाभ पोडियम काही अंशी देऊ शकेल, पण दुपारच्या दाट सावलीच्या बाबतीत तो जुन्या झाडांची जागा घेऊ शकत नाही. नवी रोपे लावण्याची हमी यावर पुरेसे उत्तर नव्हे, कारण त्या रोपांची सावली आज सत्तरीत असलेल्या सभासदांना मिळणार नाही.

महाराष्ट्रातील शहरांत झाड तोडण्यासाठी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते. पण ती मागितली जाण्याआधीच, विकसन करारावर सह्या होण्यापूर्वी, निर्णय घेणे शहाणपणाचे. मागच्या अंगणातील कोणती झाडे राहणार ते नकाशात खुणांसह दाखवावे, त्यांच्या मुळांभोवतीची जमीन पेव्हर ब्लॉकविना ठेवावी आणि ही अट करारात लिहून घ्यावी, एवढा ठराव येत्या सभेत अवश्य मांडावा.

कळावे,
मामा