किती देऊ, विचारलंस म्हणून

बार्शी, ऑक्टोबर 2025

चि. सोनूस,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘आत्या, पूरग्रस्तांसाठी किती देऊ?’ आणि मी तोंड उघडायच्या आत तुझी मीटिंग सुरू झाली. बरंच झालं. फोनवर मी ‘जमेल तेवढं दे गं’ म्हणून मोकळी झाले असते. सगळे तसंच म्हणतात, आणि मग कुणाला किती जमलं हे त्या दिवशी मन कसं आहे त्यावर ठरतं. मला तुला नेमका आकडा सांगायचाय, म्हणून हे पत्र.

तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यादी फिरतेय म्हणालीस. फ्लॅट नंबर, नाव, रक्कम. पहिल्या गृहस्थांनी 1,001 लिहिले आणि त्यांच्याखाली सगळ्यांनी 1,001च लिहिले. यात नवल काही नाही. गणपतीच्या वर्गणीला पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात तेव्हा आपण आधी मागच्या पावत्या चाळतो. शेजारच्या कुलकर्ण्यांनी 501 दिलेत ना, मग आपलेही 501. कमी दिले तर बरं दिसत नाही, जास्त दिले तर पुढच्या वर्षी अंगाशी येतं. मांडवासाठी ही रीत ठीक आहे. पण त्या यादीत बँकेतून निवृत्त झालेले आजोबा आहेत, दोघं नवरा-बायको कमावणारे आहेत आणि तळमजल्यावर भाड्यानं राहणारा तो कुरिअरवाला मुलगाही आहे. या सगळ्यांचा आकडा एकच कसा येईल? तू यादीत 1,001 लिहून टाक. शेजारधर्म म्हणून ते लागतंच. गुप्तदानाचं आपल्याकडे फार कौतुक असतं, पण पहिल्यानं नाव लिहिलं म्हणून बाकीच्यांनी खिशात हात घातला, हेही खरंच आहे. फक्त यादीत नाव लागलं म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नकोस.

आमची रीत वेगळी होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तेव्हा मोठी आपत्ती आली की कर्मचाऱ्यांच्या पगारातून एक दिवसाचं वेतन मुख्यमंत्री सहाय्यता निधीला जायचं. संमतीचा कागद फिरायचा आणि शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे सही करायचे. वर्गणीपेक्षा ही रीत चांगली, कारण जो जास्त कमावतो त्याचे जास्त जातात. पण तीही पुरती न्यायाची नाही. आमच्या शाळेतल्या शिपायाच्या घरी सहा तोंडं होती. महिनाअखेरीला त्याच्याकडे जे काही उरायचं ते त्या एका दिवसाच्या कपातीत संपायचं. माझे मात्र उरलेल्यातले थोडे जायचे.

म्हणून माझं म्हणणं असं, की पगार धरू नकोस, शिल्लक धर. तुझ्या हातात महिन्याला 75 हजार येतात. भाडं, खाणावळ, गाडीचं पेट्रोल, दादाला पाठवतेस ते, तुझी हौसमौज, सगळं जाऊन 27 हजारांच्या आसपास उरतात असं तूच मला दिवाळीच्या खरेदीचं बोलताना सांगितलंस. हौसमौजेला मी हात लावत नाही. ‘एवढ्या पैशात पिझ्झा खाल्लास, तेवढ्यात एका पोराच्या वह्या आल्या असत्या’ असा हिशेब मांडणारी माणसं मला आवडत नाहीत. त्या हिशेबाला अंत नसतो, आणि माणूस दोन दिवस स्वतःला बोल लावून घेतो नि तिसऱ्या दिवशी तो विषयच टाळतो. शिल्लक 27 हजार, तिचा तिसरा भाग 9 हजार. एका महिन्याच्या शिल्लकीचा तिसरा भाग, वर्षातून एकदा. हा माझा आकडा. यात तुझी एसआयपी थोडी कमी पडेल, पण कर्ज काढावं लागणार नाही. क्रेडिट कार्डावर दान मात्र करू नकोस. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे त्यानं शंभर रुपये दिले तरी मी त्याला नाव ठेवणार नाही.

तू म्हणशील, सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलंय, त्यात माझे 9 हजार कुठं दिसणार? हा प्रश्न खरा आहे. राज्याच्या लोकसंख्येनं भागलंस तर ते माणशी अडीच हजारांच्या आसपास येतात. तुझा एक दिवसाचा पगारही अडीच हजारच, हा निव्वळ योगायोग. म्हणजे तुझ्या-माझ्या करातून एक दिवसाचा पगार तसाही जातोच आहे. मग वेगळे कशाला द्यायचे?

त्यासाठी सरकारी मदत कशी चालते ते पाहायला हवं. सीना म्हणजे आमच्याकडची वर्षातले बरेच महिने कोरडी पडणारी नदी. सप्टेंबरच्या शेवटी तिनं माढा, करमाळा, मोहोळ आणि पलीकडे परांडा या तालुक्यांत जे केलं ते तू टीव्हीवर पाहिलंस. माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. पाणी उतरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात. आपत्ती निधीचे ठरलेले दर आहेत. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, दुभतं जनावर दगावलं तर 37,500, शेळी-मेंढीला 4,000. साडेआठ हजार म्हणजे एकरी 3,400. बी-खताची एकेक पिशवी घेतली की संपले. या वेळी राज्यानं रब्बीसाठी हेक्टरी 10 हजार वाढवून दिले, मर्यादा दोन हेक्टरवरून तीनवर नेली. जमीनच खरडून गेली असेल तर हेक्टरी 47 हजार रोख आणि माती परत आणून टाकायला रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत. कागदावर हे कमी नाही, आणि सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही.

पण यातली शेतीची सगळी मदत सातबाऱ्याच्या मागून चालते. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याच्या खात्यात पैसे. बटईनं दुसऱ्याचं रान कसणाऱ्यानं बियाणं घातलं, मजुरी घातली, रात्रंदिवस राबला आणि सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, तरी पैसे येतात मालकाच्या नावावर. मालक चांगला असेल तर वाटून देतो. मजुराचं तर पीकच नसतं, त्याची बुडते ती मजुरी, आणि बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही. सोयाबीनची काढणी-मळणी म्हणजे बायकांच्या हातात दिवाळीचे पैसे येण्याचा काळ, तो या वर्षी आलाच नाही. नवरा गेला आणि वारसाची नोंद भावकीनं अडवून धरली अशा बाया आमच्या तालुक्यात गावोगाव सापडतील. तुझे 9 हजार 31 हजार कोटींच्या शेजारी ठेवूच नकोस. जिथं सातबारा पोचत नाही तिथं ते पाठव. तिथं 9 हजार मोठी रक्कम आहे.

आणि पैशांखेरीजच्या एका मदतीची आठवण करून देते. 1896च्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेनं गावोगाव माणसं पाठवली ती धान्य वाटायला नव्हे. दुष्काळ संहितेत रयतेला साऱ्याची सूट-तहकुबी मिळण्याची काय तरतूद आहे, सरकारनं कामं कधी काढायला हवीत, हे लोकांना समजावून सांगायला पाठवली. इंग्रज सरकारला त्याचा फार राग आला, यावरूनच ते किती मोलाचं काम होतं ते कळतं. आजही ई-केवायसी अडली, आधार आणि बँक खात्यातलं नाव जुळत नाही, एवढ्यावरून मदत लटकते. तुला दिवाळीची सुट्टी आहे. लॅपटॉप घेऊन दोन दिवस इकडे ये. एखाद्या गावच्या पारावर बसून लोकांचे अर्ज भरून दिलेस तर त्यांना जे मिळेल ते तुझ्या 9 हजारांच्या कितीतरी पट असेल.

मला माहीत आहे, तू विचारलंस त्याचं कारण तो व्हिडिओ. चिखलात मेलेल्या म्हशीजवळ बसलेला तो म्हातारा. मीही पाहिला आणि मलाही रडू आलं. 2007 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांच्या हातात पाच डॉलर दिले आणि दानाचं आवाहन केलं. काहींना आफ्रिकेतल्या एका मुलीची गोष्ट सांगितली, काहींना दुष्काळाची आकडेवारी. मुलीची गोष्ट ऐकलेल्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले, आकडेवारी वाचलेल्यांनी 1.14. दोन्ही एकत्र सांगितलं तर त्या मुलीसाठीही हात आखडला, 1.43 डॉलर आले. आपण सगळे असेच आहोत. ज्या गावात कॅमेरा पोचला तिथं टेम्पोंची रांग लागते आणि तिथून चार मैलांवरच्या वस्तीवर कुणी फिरकत नाही. द्यायची इच्छा त्या म्हाताऱ्याला पाहून झाली, त्यात वाईट काही नाही. पण किती आणि कुठं, हे कागद-पेन्सिल घेऊन ठरव.

कपडे पाठवू नकोस. तुझी आई जुन्या साड्यांचं गाठोडं बांधायला निघाली असेल, तिला माझं नाव सांगून थांबव. 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला कुजत पडले होते. फाटकी-विटकी वस्त्रं कोळ्यांच्या बायकांनी हातात धरली नाहीत, आणि का धरावीत? बाहेरून आलेल्या तांदळाच्या गोण्या गावातल्या किराणावाल्याला बुडवतात. त्याचंही दुकान पाण्यात गेलेलं असतं. पैसे दिले तर ते त्याच्याच दुकानात खर्च होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 9 हजार एकदम देऊ नकोस. 4 हजार आत्ता दे, 5 हजार मे महिन्यात. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे झाला. पहिले काही आठवडे मदतीचा पूर लोटला, गाड्यांनी रस्ते तुंबले. पण गावं नव्या जागी वसवायला, पन्नासावर गावांची घरं पुन्हा उभी करायला पुढची कित्येक वर्षं लागली. भारतीय जैन संघटनेनं तिथली सुमारे 1,200 मुलं पुण्याला नेऊन शिकवली. मुलगा पहिलीपासून दहावी पूर्ण करेपर्यंत दहा वर्षं जातात, आणि दहा वर्षांनी वर्गणीची यादी फिरत नाही. इथंही तसंच होणार. आज खिचडी आहे, ब्लँकेट आहे, पुढारी आहेत. खरी अडचण जूनमध्ये येईल, जेव्हा बियाण्याला पैसे लागतील, उसनवारी संपलेली असेल आणि सावकार तेवढा दारात उभा असेल.

पैसे कुणाला द्यायचे ते तू शोध, नाव मी सांगणार नाही, नाहीतर माझ्या ओळखीचं म्हणून देशील. संस्थेला फोन करून एवढंच विचार, की पूर येण्याच्या आधी तुम्ही या तालुक्यात काय करत होता, आणि पुढच्या जूनमध्ये इथं असाल का? जो अडखळेल त्याला सोड. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचं नाव येतं की भलत्याच माणसाचं, ते बघ. या दिवसांत चोरही कामाला लागलेले असतात. पावती घे. तू नवी करप्रणाली निवडलीस, म्हणजे 80जीची सवलत तुला नाहीच, तो विचार डोक्यातून काढून टाक. पण संस्थेकडे 80जीची नोंदणी आहे ना, हे मात्र विचार. निदान कुणीतरी त्यांचे कागद तपासलेत एवढं कळतं.

पुढच्या वर्षी कुठंतरी काहीतरी होणारच. दरडींखाली माळीण गेलं, तळिये गेलं, इर्शाळवाडी गेली. तेव्हा पुन्हा मला ‘किती देऊ’ विचारू नकोस. 9 हजार भागिले 12 म्हणजे 750. दर महिन्याला तेवढ्याची आवर्ती ठेव तुझ्या बँकेत वेगळी काढ आणि तिच्यातले पैसे दुसऱ्या कशाला काढू नकोस. मग विचारायचं एवढंच उरेल की कुणाला. तेव्हा जरूर फोन कर.

आत्ताचे 4 हजार या आठवड्यात पाठव. आणि पाठवताना संस्थेला लेखी कळव की उरलेले 5 हजार मेअखेरीस बियाण्यासाठी देणार आहेस, म्हणजे किती घरांचं बियाणं घ्यायचं याचा हिशेब त्यांना आतापासून धरता येईल.

तुझी,
आत्या