बाद गड्यांच्या शेजारी

कबड्डीत सहायक गुणलेखकाची जागा अंतिम रेषेच्या मागे असते, बाद झालेले गडी जिथे ओळीने बसतात त्यांच्या शेजारी. कोण आधी बाद झाला, कोण नंतर, याची नोंद त्याने ठेवायची, कारण संघाला गुण मिळाला की गडी त्याच क्रमाने जिवंत होतात. पंच परीक्षा पास झाले तेव्हा मला शिट्टी हवी होती. हाती आली वही आणि ही खुर्ची. पुढे पंच म्हणून उभी राहिले, कधी सरपंच म्हणूनही, पण त्या खुर्चीवर बसून जे कानावर पडलं ते मैदानाच्या मध्यावरून कधी ऐकू आलं नाही.

भातकापणी उरकली की अलिबागपासून रेवदंडा, मुरूड, पार श्रीवर्धनपर्यंत गावोगावी मैदानं आखली जातात. रात्री झगझगीत दिवे, एका बाजूला व्यासपीठ, दुसऱ्या बाजूला वडापावची गाडी आणि माइकवर समालोचक. हे प्रेक्षक शहरातल्या स्टेडियममधल्यासारखे परके नसतात. चढाईला निघालेल्या पोराचा मामा पहिल्या रांगेत, चुलता पाठीमागे, शाळेतले गुरुजी व्यासपीठावर, आणि उद्या ज्याच्या घरी सोयरीक जुळायची तोही कुठेतरी पानाची पिंक टाकत उभा. अशा गर्दीसमोर पंधरा वर्षांच्या पोराला प्रशिक्षक ओरडतो, तेव्हा ते ओरडणं सामना संपला म्हणून संपत नाही.

काय काय ऐकलंय! ‘हात घरी ठेवून आलास काय?’ हे तर साधंच. ‘पुढच्या वेळी आईला पाठव, ती तरी पकडेल’ हे मुलांच्या संघांत हमखास. (त्या आईला धक्क्यावर मासळीची भरली पाटी उचलताना मी पाहिलंय. तिने खरंच कोपरा सांभाळला असता तर समोरचा चढाईपटू परत गेला नसता.) मुलींच्या संघांत शब्द वेगळे, पण रोख तोच: ‘नटायला आलीस की खेळायला?’

एका किशोर गटाच्या सामन्यात डाव्या कोपऱ्यावर सडपातळ बांध्याचा मुलगा होता. घरची पांढऱ्या कांद्याची शेती, त्यामुळे कांद्याच्या वेण्या बांधून बोटं चिवट झालेली. घोट्याला हात घातला की सुटायचा नाही. त्या दिवशी पहिल्या डावात समोरचा चढाईपटू बोनसला पाय टाकून त्याच्यासमोरून निघून गेला. याने झेप घेतली ती क्षणभर उशिरा. बाहेरून प्रशिक्षक गरजले, ‘बुजगावणं उभं केलंय नुसतं!’ लोक हसले. समालोचकाला आयता शब्द मिळाला. त्याच्या पुढच्या प्रत्येक चढाईच्या वर्णनात ‘डाव्या कोपऱ्यात आपलं बुजगावणं’ यायला लागलं, आणि दर वेळी हशा.

मी शेजारीच होते, म्हणून पुढचं नीट दिसलं. चढाईपटू निदान रेषा ओलांडून आत आला की कोपऱ्यावरच्या गड्याची नजर त्याच्या पायांवर हवी. हा मुलगा दर वेळी आधी बाकाकडे बघायचा आणि मग पायांकडे. कोपऱ्यावरच्याला तेवढा वेळ मिळतच नाही. आणखी दोनदा पाय हातातून निसटला, तिसऱ्यांदा तो घाईने पुढे घुसला आणि बाद झाला. माझ्याजवळ येऊन बसला, तेव्हा गुडघ्याला लागलेली माती नखाने खरवडत होता. नाव लिहायला मी चेस्ट नंबर विचारला, तोही त्याला पटकन आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी गावात त्याचं नाव बुजगावणं झालं होतं. रिक्षा स्टँडवर, किराणा दुकानात, शाळेच्या हजेरीच्या वेळीसुद्धा. आमच्याकडे टोपणनाव पडायला वेळ लागत नाही आणि पुसायला पिढी जाते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. त्या हंगामात तो परत मैदानावर दिसला नाही. प्रशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, पोरगा नाजूक निघाला.’ नाजूक! पहाटे वाफ्यात ओणवं राहून कांदा उपटणारा.

मला यात एका गोष्टीचं नवल वाटतं. शिक्षा द्यायची सोय या खेळाने स्वतःच करून ठेवली आहे. चुकलास, पकडला गेलास, तर सगळ्यांदेखत उठून रेषेमागे जाऊन बस. यापेक्षा उघड शिक्षा कुठल्या खेळात आहे? पण याच खेळाने पुढची सोयही केली आहे: तुझ्या जोडीदाराने गुण आणला की तू उठायचंस, जिवंत व्हायचंस, आणि मागची चूक कोणी काढायची नाही. एवढं सगळं नियमात असताना बाहेरून वेगळी शिक्षा कशाला? प्रशिक्षकाने बसवलेल्याला मात्र कोणी जिवंत करत नाही.

हे ओरडणं अलीकडे वाढलंय असं मला वाटतं, आणि त्यात टीव्हीचा हात आहे. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि टाइमआउटमध्ये प्रशिक्षक काय बोलतात ते घराघरांत ऐकू यायला लागलं. मोठ्या संघाचा प्रशिक्षक करारावरच्या, पगारी खेळाडूला झापतो, तो त्यांचा आपसातला व्यवहार. आमच्याकडच्या काहींनी त्यातला आवाज तेवढा उचलला. टाइमआउट मिळतो 30 सेकंदांचा. त्यात कोणाला डावीकडे सरकवायचं, तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवायचं, एवढं सांगितलं तरी वेळ संपतो. मी पाहिलेले कित्येक टाइमआउट नुसते शिव्यांत गेले, आणि शिट्टी वाजली तेव्हा पोरांना तिसऱ्या चढाईला कोण जाणार हेच ठाऊक नव्हतं.

हे बोललं की समोरून आचरेकर सर येतातच. ‘त्यांनी नाही का सचिनला झापलं?’ झापलं. सरांनी ठरवलेला सराव सामना चुकवून सचिन वानखेडेवर शाळेच्या मोठ्या संघाचा सामना बघायला गेला होता, आणि सरांनी त्याला तिथेच धारेवर धरलं, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय. पण ते कशासाठी होतं ते बघा. झेल सुटला म्हणून नव्हे, चेंडू चुकला म्हणून नव्हे. खेळायला आलाच नाही म्हणून. नोव्हेंबर 2013 मध्ये निरोपाच्या भाषणात सचिन म्हणाला की सरांनी 29 वर्षांत आपल्याला कधी ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. कौतुकाची कंजुषी समजू शकते. तिच्यातून भर मैदानात अपमान करायचा परवाना कसा निघतो, ते मला कळत नाही.

सगळ्यांसमोर काहीच करू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. मुरूडकडचे एक प्रशिक्षक आहेत, एसटीत वाहक होते, आता निवृत्त. शाळेच्या तालुका स्पर्धेत त्यांच्या चांगल्या चढाईपटूने पकडीतून सुटताना समोरच्या पोराच्या छातीत मुद्दाम कोपर मारलं. पंचाचं लक्ष रेषेकडे होतं, त्याच्या नजरेतून ते सुटलं. वाहकसाहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी लगेच टाइमआउट घेतला आणि आवाज न चढवता त्या मुलाला बदलला. संघ दोन गुणांनी मागे होता, तरीही. मग त्याला म्हणाले, ‘जा, त्याला पाणी देऊन ये.’ पोरगा बाटली घेऊन सगळ्या मैदानासमोरून पलीकडे गेला. सामना ते हरले. कोपर सगळ्यांदेखत मारलं होतं, तेव्हा त्याची भरपाईही सगळ्यांदेखत झाली, आणि कोणाचं टोपणनाव पडलं नाही. पकड सुटणं आणि कोपर मारणं यांतला फरक त्यांना कळत होता. दोन्हींना एकाच आवाजात ओरडणाऱ्याच्या पोरांना तो कळायचा कुठून?

मी स्वतः शाळेत शिकवते. वर्गात मुलावर हात उगारायचा नाही, त्याला मानसिक त्रास द्यायचा नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमात 2009 पासून लिहिलेलं आहे. तोच मुलगा शाळेच्या बनियनवर चेस्ट नंबर लावून मैदानात उतरला की कायदा जणू कुंपणाबाहेर राहतो. पंचाच्या हातात कार्डं असतात: हिरवं ताकिदीचं, पिवळं दोन मिनिटं बाहेर बसवणारं, लाल सामन्यातूनच घालवणारं. ती प्रशिक्षकालाही दाखवता येतात. गावच्या स्पर्धेत, यजमान मंडळाच्याच प्रशिक्षकाला, रात्री अकरा वाजता, हजारभर गावकऱ्यांसमोर हिरवं कार्ड दाखवायला काय लागतं, ते एकदा खिशात हात घालून बघावं. मी दाखवलंय. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, बाकी काही झालं नाही.

आता सामना सुरू होण्याआधी मी समालोचकाकडे जाते आणि सांगते, किशोर गटात फक्त चेस्ट नंबर आणि नाव, बाहेरून आलेला कुठलाही शब्द माइकवर नको. बहुतेक जण ऐकतात. प्रशिक्षक ऐकतातच असं नाही, पण माइकने उचलला नाही तर त्यांचा आवाज चौथ्या रांगेपुढे फारसा जात नाही.

सगळ्यात अवघड जातात ते पालक. गेल्या मोसमात एका मुलीची आई सामना संपल्यावर माझ्याकडे आली. प्रशिक्षकाला मी ताकीद दिली होती, ते तिने पाहिलं होतं. मला वाटलं, बरं वाटलं असेल तिला. ती म्हणाली, ‘बाई, सरांना बोलू नका. ते ओरडतात म्हणून तर पोरगी खेळतं. नायतर ऐकतं का कोणाचं?’ मुलगी तिच्या मागेच उभी होती, मनगटाची पट्टी सोडत. मी तिला विचारलं, ‘सर ओरडतात तेव्हा तुला काय ऐकू येतं?’

‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘मी तेव्हा आकडे मोजते.’

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘कसले आकडे?’

‘किती मिनिटं राहिली ते,’ मुलगी म्हणाली आणि बॅग उचलून गाडीकडे गेली.