सगळं शाबूत, तरी बंद

गाडी बंद पडली की आपण आधी विचारतो, काय गेलं? बॅटरी गेली, प्लग गेला, पंप गेला. काहीतरी गेलेलं असणार, ते आणून बसवलं की गाडी चालू. टायमिंग बेल्ट बदलल्यावर चालू न होणारी गाडी या हिशेबात बसत नाही. पट्टा नवा, टेन्शनर नवा, बॅटरी भरलेली, टाकीत पेट्रोल. सकाळी स्वतःच्या चाकांवर गॅरेजात आलेली गाडी संध्याकाळी नुसती घरघरते, आणि गेलेलं तर काहीच नसतं.

आमची मारुती 800 वडिलांच्या वेळची, कार्ब्युरेटरवाली. फार पळत नाही. पण पट्टा किलोमीटर बघून बदलतात तसा वय बघूनही बदलावा लागतो, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. साताऱ्यातल्या एका छोट्या गॅरेजात काम दिलं. मिस्त्री तरुण, पण काम नेटकं; खोललेला प्रत्येक बोल्ट ताटलीत क्रमाने मांडून ठेवणारा. सगळं बसवून त्याने सेल्फ मारला. इंजिन फिरलं, नेहमीपेक्षा जरा हलकंच फिरलं, पण पकडेना.

त्याने रीतसर सगळं तपासलं. प्लग काढून बॉडीला टेकवला, करंट निळा येत होता. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल येत होतं. प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या नव्हत्या, अर्थिंगची पट्टी घट्ट होती. मग तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, “सर, कॉइल बदलून बघू का?” करंट निळा दिसत असताना कॉइल का बदलायची, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण गाडी बंद आहे म्हणजे काहीतरी बदललं पाहिजे, हा संस्कार फार खोलवर गेलेला आहे. डॉक्टरांकडून औषधाशिवाय परतलेल्या पेशंटला कुठे चैन पडतं?

त्या पट्ट्याचं काम तसं अजब आहे. इंजिनात दोन दांडे. खालचा क्रँक, त्याला पिस्टन फिरवतात. वरचा कॅम, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. हवा-पेट्रोल आत ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर ढकलणं हे चार टप्पे होईपर्यंत क्रँकचे दोन फेरे होतात आणि कॅमचा एक. म्हणून वरच्या पुलीला खालचीच्या दुप्पट दात. हायवेला इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो, आणि ही सगळी वेळ सांभाळतो एक दातेरी रबरी पट्टा. पूर्वी हे काम साखळी किंवा दातेरी चाकं करत. कारखान्यातून मोठ्या संख्येने निघणाऱ्या मोटारीत त्यांच्या जागी रबर घालण्याचं धाडस बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगच्या ग्लास कंपनीने 1962 साली केलं. काही वर्षांत ती कंपनी बीएमडब्ल्यूने विकत घेतली. पट्टा मात्र जगभर पसरला. स्वस्त, आवाज कमी, तेल नको. फक्त ज्या दातावर बसवाल त्या दाताशी तो इमान राखतो, मग तो दात चुकीचा का असेना.

खालच्या पुलीला वीस दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. एक दात चुकला तर गाडी बहुधा चालू होते, पण घाटात ओढत नाही, थरथरते. दोन-तीन चुकले तर वॉल्व्ह मिटायला उशीर होतो, दाबायची हवा आलेल्या वाटेने परत जाते, कॉम्प्रेशन बसतच नाही. त्यात आमच्या गाडीचा डेल्को (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) कॅमवर चालणारा, म्हणजे ठिणगीही तेवढीच उशिरा. करंट आहे, पेट्रोल आहे, हवा आहे. फक्त कोणी कोणाच्या वेळेवर हजर नाही.

मिस्त्रीने शेवटी उस्तादांना फोन लावला. उस्ताद सांगलीचे. मोटारींकडे उशिरा वळलेले. आयुष्यातली पहिली काही वर्षं विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. या मुलखाला ते नवीन नाही. सांगली जिल्हा 1949 साली वेगळा झाला तेव्हा त्याचं नावच दक्षिण सातारा होतं, आणि दोन्हीकडच्या कृष्णाकाठाला लोखंडाची ओळख जुनी. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना उभारला आणि तिथे लोखंडी नांगर बनवले. इकडे साताऱ्याचे धनजीशा कूपर, जे 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते, त्यांच्या सातारा रोडच्या कारखान्यात डिझेल इंजिनं तयार झाली. पुढे तो कारखाना वालचंद हिराचंदांच्या समूहाकडे गेला, आणि सांगलीत 1947 साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही नंतर वालचंदांचंच नाव लागलं. पुस्तकातलं इंजिन तिथे शिकवत; मळ्यातलं इंजिन उस्तादांसारखी माणसं हातावर शिकली.

हातावर हे शब्दशः. विहिरीवरचं इंजिन हँडल मारून चालू करायचं. वरचा खटका उचलून कॉम्प्रेशन सोडायचं, हँडल गरगर फिरवून जोर आणायचा आणि खटका पाडायचा. त्या क्षणी मनगटाला जो धक्का बसतो ते कॉम्प्रेशन. ते बरोबर आहे की नाही हे मीटर लावून बघावं लागत नसे. सेल्फची मोटर आली आणि हा धक्का आपल्या हातातून गेला. आता किल्ली फिरवायची आणि आवाज ऐकायचा, एवढंच उरलं.

उस्तादांनी तेवढ्यावरच काम भागवलं. “फोन इंजिनाजवळ धर, सेल्फ मार,” म्हणाले. दोन सेकंद ऐकून, “बास. आता परत सेल्फ मारू नको.” मग काय गेलंय हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते असं: “आज काय काय उघडलंवतंस?” पट्टा, टेन्शनर, वरचं कव्हर. “मग तेवढंच परत उघड. बाकीच्याला हात लावू नको. दात चुकलाय.”

मला सांगलीशेजारच्या मिरजेतले तंबोरे करणारे आठवले. भोपळा, दांडी, तारा, सगळं निर्दोष असतं आणि तंबोरा मुका असतो. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवत जवारी लावली की तो बोलू लागतो. दोरा कुठे थांबवायचा ते कान सांगतो. उस्तादांचा कान त्याच गावांच्या हवेतला.

मिस्त्रीची चूक मार्क न बघण्याची नव्हती. वरच्या पुलीची खूण त्याने आतल्या कव्हरच्या खाचेसमोर आणली होती, खालचीचा ठिपका बाणासमोर. पण पट्टा निघाला की कॅम वॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने किंचित उडी मारतो. आणि पट्टा चढवल्यावर जी ढील राहते ती टेन्शनर आवळताना एका बाजूला ओढली जाते. खुणा जुळल्या त्या टेन्शनर आवळायच्या आधी. आवळल्यानंतर इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा बघायच्या, हा टप्पा घाईत राहिला होता. दोन फेरे फिरवले आणि ठिपका बाणाला चुकवून दोन दात पुढे जाऊन थांबला. काही इंजिनांत अशा वेळी जोर लावला तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. सेल्फ मारू नको म्हणण्याचं कारण ते.

पट्टा उतरवून, दात मोजून, पुन्हा चढवला. व्हाइटनरने पुलीवर आणि पट्ट्यावर रेघा ओढल्या. दोन फेरे, मग आणखी दोन. खुणा हलल्या नाहीत. सेल्फ मारला आणि गाडीने पहिल्या फेरीतच पकडलं.

बिलात पट्टा, टेन्शनर आणि एकदाची मजुरी. दुसऱ्यांदा उघडल्याचं काहीच नाही. बहुतेक गॅरेजांचा रिवाज तसाच आहे आणि गिऱ्हाईक म्हणून तो मला सोयीचा आहे. तरीही त्यात एक गोम दिसते. कॉइल बदलली असती तर कॉइलचे पैसे झाले असते, वर ती बसवण्याचे. आपलंच काम खोलून पुन्हा बघण्याचे मात्र कोणी देत नाही, उलट बघणारे म्हणतात की याला जमत नाही. मग निळा करंट दिसत असताना कॉइल सुचते यात नवल काय? तो मुलगा उगाच भाग बदलायला निघाला नव्हता. फुकटच्या आणि नाव घालवणाऱ्या कामाला हात घालायला बिचकत होता, इतकंच. उस्तादांनी फोनवरून त्याला दोष सांगितलाच, पण त्याहून जास्त परत उघडायची परवानगी दिली.

पट्टा दुसऱ्यांदा उघडण्यात गेलेल्या दोन तासांचे पैसे मी वेगळे पुढे केले. त्याने घेतले नाहीत. बोनेट लावत म्हणाला, “हजार किलोमीटर झाल्यावर एकदा दाखवून जावा सर, पट्ट्याचं टेन्शन बघतो. त्याचे घेतो.”