दोष कोणाचा?

यंत्र बिघडलें म्हणजे दोष शोधावा लागतो. आणि दोष शोधूं लागलें कीं मनुष्याची दृष्टि प्रथम दुसऱ्याकडे वळते. माझ्या बालपणींच्या एका प्रसंगानें मला हा धडा दिला. परंतु तो समजण्यास मला सत्तावीस वर्षें लागलीं.

१९९६ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत वडिलांनीं आम्हां दोघां भावांसाठीं व्हिडिओ गेमचें यंत्र आणलें. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों आणि धाकटा भाऊ आठांचा. जपानांतील निंटेंडो कंपनीनें १९८३ सालीं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नांवाचें यंत्र काढलें होतें. त्याच्या अनेक नकला पुढें आपल्या बाजारांत आल्या. त्यांपैकींच आमचें हें एक बिननांवाचें यंत्र. तें टीव्हीस जोडावें, वरच्या खांचेंत खेळाची कॅसेट बसवावी, कीं पडद्यावर चित्रें नाचूं लागत.

कधीं कधीं मात्र पडदा कोराच राही. अशा वेळीं कॅसेट काढून तिच्या उघड्या तोंडांत जोरानें फुंकर मारावयाची, हा उपाय गल्लींतील प्रत्येक मुलास ठाऊक होता. आमच्या घरीं हा मान माझा. भावास मी फुंकूं देत नसें.

एके सायंकाळीं भावाच्या हातून तें यंत्र टेबलावरून खालीं पडलें व त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला. त्या रात्रीं पडदा कोरा राहिला, तो कायमचाच. एकामागून एक सर्व कॅसेटी लावून पाहिल्या, पुष्कळ फुंकलें, सारें व्यर्थ. मग मीं वडिलांपुढें निकाल सांगितला, “ह्यानें मोडलें.” भाऊ एक शब्दही बोलला नाहीं. वडिलांनीं त्यास मारलें नाहीं. “तुझ्या हातीं पुन्हां असें कांहीं द्यावयाचें नाहीं,” एवढेंच ते म्हणाले. यंत्र माळ्यावर गेलें. त्या दिवसापासून घरांत कोणतीही नवी वस्तु आली तर भाऊ ती दुरून, हात मागें बांधून पाही. मला तें दिसत असे. पण त्याचा अर्थ लावण्याचें कधीं सुचलें नाहीं.

२०२३ च्या दिवाळींत माळा साफ करतांना तोच डबा हातीं आला. मध्यंतरीं मी विजेच्या उपकरणांचें थोडेंबहुत काम शिकलों होतों. ह्या कामाचा पहिला नियम असा कीं, निकाल आधीं देऊं नये. बाहेरून आंत, एकेक पायरीनें जावें.

पहिली पायरी अडॅप्टरची. मीटर लावला तों नऊऐवजीं तेरा व्होल्ट दिसले. जुन्या पद्धतीच्या अडॅप्टरवर भार नसतांना दाब असा चढलेला दिसतोच. म्हणून तो निर्दोष ठरला. येथें एक सावधगिरी सांगतों. ह्या जातीच्या पुष्कळ यंत्रांत अडॅप्टरच्या टोंकाचा मधला भाग ऋण असतो, तर आजच्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो. न पाहतां दुसरा अडॅप्टर जोडल्यास आंतील भाग जळूं शकतात.

मग झांकण उघडलें. आंत ७८०५ ह्या क्रमांकाचा तीन पायांचा एक भाग असतो. आलेला दाब उतरवून तो ५ व्होल्टवर स्थिर ठेवणें हें त्याचें काम. तें तो चोख करीत होता. कपॅसिटरांतील द्रव कालांतरानें सुकतो, कधीं त्यांचीं डोकीं फुगतात. येथें तसेंही कांहीं दिसलें नाहीं. पुढची पायरी मीं सावकाश घेतली, कारण ती माझ्याच फिर्यादीची होती. पडल्यामुळें सर्किट बोर्डास तडा गेला असेल, एखादा डाख सुटला असेल, म्हणून भिंग घेऊन एकेक सांधा तपासला. टवका केवळ वरच्या प्लॅस्टिकचा होता. आंत सर्व शाबूत होतें.

राहिली ती खांच. तिच्यांत धातूच्या साठ बारीक पट्ट्या असतात. कॅसेटच्या चिपेंत सांठविलेला खेळ प्रोसेसर त्या पट्ट्यांच्या वाटेनें आठ आठ बिटांनीं वाचतो. एका पट्टीचा जरी स्पर्श तुटला तरी एक बिट चुकतें, आज्ञेचा अर्थ बदलतो, आणि दिवा जळत असूनही पडदा कोरा राहतो. आमच्या खांचेंतील पट्ट्यांवर व कॅसेटींच्या टोंकांवर काळपट हिरवा थर चढला होता. असा थर पडण्यानें चढत नाहीं; तो ओलाव्यानें चढतो.

माळ्यावरील पावसाळ्यांनीं त्यांत भर घातली असेल, असें मीं मनास समजावूं पाहिलें. परंतु त्याच डब्यांत एक कॅसेट अशी होती कीं तिचा खेळ आम्हांस आवडत नसे, म्हणून तिला मीं क्वचितच हात लावला होता. तिच्या पट्ट्या स्वच्छ होत्या. ज्यांना मीं फुंकलें, त्याच गंजल्या होत्या.

फुंकरीनें खेळ सुरू होई तो फुंकरीमुळें नव्हे. कॅसेट काढून पुन्हां बसवितांना पट्ट्या घांसल्या जात आणि स्पर्श जुळे. कोंबडें आरवल्यामुळेंच उजाडतें असें मानण्यासारखेंच हें. ह्यांत आम्ही एकटेच नव्हतों. अमेरिकेंत १९८५ सालीं ह्या यंत्राची बहात्तर पट्ट्यांची आवृत्ति निघाली. तिच्यांत एक पहारेकरी चिप असे. स्पर्श बिघडला कीं ती यंत्रास पुन्हां पुन्हां आरंभ करावयास लावी व लाल दिवा लुकलुके. तेथील मुलेंही कॅसेटींत फुंकरच मारीत.

कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मीं कॅसेटींच्या पट्ट्या पुसल्या. पातळ पुठ्ठ्यास तेंच भिजविलेलें फडकें गुंडाळून तो खांचेंत वरखालीं केला. बोळे काळे निघाले. सर्व वाळूं दिलें, वायर जोडली, बटण दाबलें. आणि पडद्यावर तेंच जुनें चित्र उमटलें.

मीं दूरगांवीं असलेल्या भावास दूरध्वनि केला व सर्व सांगितलें. तो रागावेल किंवा हंसेल अशी माझी कल्पना होती. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “दादा, म्हणजे तें मीं मोडलें नव्हतें?”

सत्तावीस वर्षें माझा निकाल त्यानें खरा मानला होता! मीं त्याची क्षमा मागितली, व त्यानें ती सहज दिली. पण दूरून, हात मागें बांधून पाहणारा तो आठ वर्षांचा मुलगा मला आतां कोठें भेटणार?

बालमित्रांनो, तुमच्या घरींही एखादें यंत्र कधीं बंद पडेल. तें उघडावयाचें तर आधीं वीज काढा, वडील माणसास जवळ बसवा, आणि बाहेरून आंत, एकेक पायरीनें जा. आणि घरांतील कोणाचें नांव घेण्यापूर्वीं एक पायरी अधिक चढा : तें यंत्र शेवटीं बिघडण्यापूर्वीं आपण स्वतः त्याच्याशीं कसे वागलों, तेंही तपासून पाहा.