१९१३२ क्रमांकाचं दार

‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ २०२१च्या मे महिन्यात हा मेसेज मला चार वेळा आला. चारही वेळा आमच्या घरी कुणी आलेलं नव्हतं, कुणी काही दुरुस्त केलेलं नव्हतं आणि तक्रार होती तिथेच होती. त्यातला एक मेसेज दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी आला. माझा फोन ठेवून जेमतेम अर्धा तास झाला होता. या गोष्टीला काही वर्षं झाली, तरी तो आठवला की माझं डोकं आजही तापतं.

तक्रार इंटरनेट बंद असल्याची नव्हती. इंटरनेट झकास चालू होतं. मला घरच्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट या खेळाचा सर्व्हर चालवायचा होता आणि बाहेरगावच्या चार मुलांना त्यावर येता येत नव्हतं, एवढंच.

ही चार मुलं म्हणजे माझ्या बहिणीची मुलुंडची दोघं, भावाची नागपूरची मुलगी आणि नणंदेचा बेळगावचा मुलगा. घरातला माझा मुलगा पाचवा. दर मे महिन्यात ही सगळी पाटण तालुक्यातल्या आमच्या माहेरच्या घरी जमतात. आदल्या वर्षी करोनामुळे जमता आलं नव्हतं, आणि त्या वर्षी पुन्हा जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायला ई-पास. माझी आई तिकडे एकटी. मुलांनीच ठरवलं की तिकडचं घर खेळात बांधायचं. अंगण, तुळशीवृंदावन, विहीर, मागचा फणस, सगळं. मी शाळेत गणित शिकवते. दिवसभर ऑनलाइन तास घेऊन मलाच पडदा नकोसा झाला होता, त्यामुळे खेळाला माझा विरोध होता. पण पोरगा म्हणाला, “आई, खेळायचं नाहीये, घर बांधायचंय.” मग मी लॅपटॉप काढून दिला.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मुलांकडे फोन होते, म्हणून फोनवर चालणारी आवृत्ती घेतली, बेडरॉक म्हणतात ती. ती १९१३२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसते. घरात आमचा फोन लगेच जोडला गेला. बाहेरच्यांना आत घ्यायचं तर राउटरला सांगावं लागतं की या क्रमांकाची चौकशी करत कुणी आलं की त्याला या लॅपटॉपकडे पाठव. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यावर बसलेल्या माणसाला सांगून ठेवावं तसं : पाहुणा आला तर दुसऱ्या चौकात, उजव्या हाताला. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड असतो, तो ब्राउझरमध्ये टाकला की आतली पानं उघडतात. आमच्याकडे दोन डबे होते, कंपनीचा फायबरचा आणि त्याच्यामागे मी विकत घेतलेला वायफायचा. म्हणजे दरवाजे दोन झाले. मी माझा डबा नुसत्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर टाकला, कंपनीच्या डब्यात पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम लिहिला, लॅपटॉपचा आतला पत्ता कायमचा बांधून टाकला, विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिली. रविवारची एक दुपार त्यात गेली. मुलुंडहून भाच्याचा फोन : “मावशी, होत नाहीये.”

तिथून एकोणीस दिवस.

पहिला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने विचारलं, “मॅडम, नेट चालू आहे ना?” मी म्हटलं, चालू आहे, पण बाहेरून आत येता येत नाही. ती म्हणाली, “डब्यावर लाल लाइट आहे का?” नाही. “मग राउटर दहा सेकंद बंद करून चालू करा.” केला. “आता स्पीड टेस्ट करा.” केली. “मॅडम, तुमचा स्पीड पूर्ण येतोय.” मला स्पीडबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. हे मी तिला सांगितलं, नंतरच्या मुलाला सांगितलं, त्याच्या वरच्या साहेबांनाही सांगितलं. दरवेळी पहिल्यापासून : नाव, नोंदणीकृत मोबाइल नंबर, लाल लाइट, दहा सेकंद, स्पीड. दरवेळी नवा तक्रार क्रमांक, मी तो वहीत लिहून घ्यायची. एकाने मला लॅपटॉप फॉरमॅट करायला सांगितलं. एकाने सांगितलं की गेम कंपनीचा प्रॉब्लेम आहे, तिकडे बोला. एक बाई म्हणाल्या, “मॅडम, मुलांना जास्त गेम खेळू देऊ नका,” आणि मी फोन हातात धरून गप्प झाले. त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही, कारण महिनाभरापूर्वी मीही तेच म्हणाले असते.

पोर्ट फॉरवर्डिंग हा शब्द मी किमान दहा वेळा उच्चारला असेल. पलीकडून एकदाही तो परत आला नाही. तो कळला नाही असं कुणी म्हणालं नाही आणि कळला असंही नाही. या काळात मी रोज रात्री तो नियम पुसून पुन्हा लिहीत होते. आपण आकडा चुकवलाय, दुसरं काय असणार, असं मला खरंच वाटत होतं. मी शिकवते त्या विषयात चूक आपलीच असते आणि शोधली की सापडते, त्यामुळे असेल. पोरगा शेजारी बसून म्हणायचा, “जाऊ दे आई.” त्याचं ते जाऊ दे मला सर्वांत जास्त लागायचं.

एकोणिसाव्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमध्ये वायर ओढायला कंपनीचा लाइनमन आला होता. मास्क, पाठीवर पिशवी, खांद्यावर शिडी. मी त्याला जिन्यातच गाठलं. त्याने वर येऊन लॅपटॉपवर डब्याचं वॅन स्टेटसचं, म्हणजे बाहेरच्या जोडणीचं, पान उघडलं, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, हा बघा १०० वाला आहे. तुम्ही आमच्या नॅटच्या मागे आहात. इथून तुम्ही काही पण करा, बाहेरून कोण येणार नाही.” एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तो आकडा १००.७२ने सुरू होत होता. आपला आयपी काय हे दाखवणाऱ्या वेबसाइटवर भलताच आकडा दिसत होता. मी दोन्ही आकडे रोज बघत होते. ते वेगळे का आहेत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मग मी ते वाचून काढलं. इंटरनेटचे जुने पत्ते, आयपी आवृत्ती चारचे, एकूण ४२९ कोटींच्या आसपास. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचा हात शेवटच्या गठ्ठ्याला लागला. मग कंपन्यांनी शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला सुरुवात केली, लाइनमन म्हणाला ते नॅट हेच. त्यासाठी एप्रिल २०१२मध्ये १००.६४पासून १००.१२७पर्यंतचा पट्टा रीतसर राखून ठेवला गेला. म्हणजे माझ्या घरच्या दिंडी दरवाज्याबाहेर कंपनीचा आणखी एक मोठा दरवाजा होता, आणि तिथल्या माणसाला माझ्या पाहुण्यांबद्दल कुणी सांगितलेलंच नव्हतं. घरातून कुणी बाहेर पडलं की तो लक्षात ठेवतो आणि त्याच्यामागून आलेलं उत्तर आत सोडतो. म्हणूनच व्हिडिओ, शाळा, बँक सगळं चालतं. आपणहून आलेल्याला मात्र तो परत पाठवतो.

पत्ते संपले यात आमच्या कंपनीचा दोष नाही, हे मला मान्य आहे. नव्या आवृत्ती सहाच्या पत्त्यांना तोटा नाही. ते तिने आमच्या भागात दिले नव्हते, हे तिच्या खात्यावर. पण माझा राग तोही नाही. कनेक्शन देताना फॉर्मवर एक ओळ हवी होती : तुम्हाला स्वतंत्र पत्ता मिळणार नाही. फोनवरच्या अकरा माणसांपैकी एकाला तरी हे शिकवलेलं हवं होतं. त्या मुलामुलींना मी दोष देत नाही, समोरच्या कागदावर जे प्रश्न होते तेच त्यांनी विचारले. तो कागद लिहिणाऱ्याला माहीत होतं.

स्वतंत्र पत्ता हवा असेल तर स्टॅटिक आयपी घ्या, असं लाइनमनने सांगितलं. अर्ज, आधारची झेरॉक्स, वर्षाचे पैसे आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी. भरले. तिसऱ्या दिवशी वॅनच्या पानावरचा आकडा बदलला आणि वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळला. आणि तरीही मुलं आत येईनात.

या वेळी चूक माझी होती. नियम लिहिताना वाहतुकीचा प्रकार म्हणून मी टीसीपी निवडलं होतं, बेडरॉकला यूडीपी लागतं. ती सुधारली, तरी पोर्ट तपासणारी वेबसाइट ‘बंद’ म्हणून सांगत राहिली. अशा बहुतेक साइट्स टीसीपीच तपासतात, त्यांना हे दार दिसतच नाही. शिवाय मी घरच्या वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून बघत होते. आमच्यासारखे कित्येक राउटर स्वतःच्याच दाराला आतून वळसा घालून येऊ देत नाहीत. शेवटी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघितलं, आणि लागलं.

त्या रात्री साडेनऊला पाचही जण आत होते. मी मुलाच्या खांद्यावरून बघत होते. अंगणात नागपूरची भाची उभी राहिली, चौकोनी डोकं, चौकोनी हात, आणि फोनच्या स्पीकरवर तिचा आवाज आला, “दादा, मी आले, पायरी कुठाय?” मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दीड वर्षात ती पाच जणं एका अंगणात आलेली नव्हती.

आता पुढचं. आठवड्याभराने रात्री पावणेबाराला लॅपटॉप बंद करायला गेले, तर सर्व्हरच्या काळ्या खिडकीत ‘प्लेयर कनेक्टेड’ अशी ओळ आणि पुढे एक अनोळखी नाव. मुलं झोपलेली. मिनिटभराने तेच नाव बाहेर पडल्याची ओळ आली. सकाळी मुलांनी पाहिलं तर वृंदावनातली तुळस उपटलेली. खेळातलीच तुळस, पण माझ्या अंगावर काटा आला. कंपनीच्या ज्या भिंतीला मी एकोणीस दिवस शिव्या घातल्या, ती त्या रात्री मला परत हवी होती. दोन दिवस मी तो नियम काढून टाकला. मुलांचा रुसवा, भाच्याचे फोन. मग व्हाइट-लिस्ट चालू केली, पाच नावं लिहिली आणि दार पुन्हा उघडलं. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही कराल तर आधी हेच करा. डीएमझेड नावाचा पर्याय दिसेल, एका टिचकीत सगळं उघडतो, त्याला हात लावू नका. डब्याचा मूळ पासवर्ड बदला. आणि या सगळ्याच्याही आधी वॅनचं पान बघा. तिथे १००.६४ ते १००.१२७मधला आकडा असेल, तर कॉल सेंटरला फोन करण्यात आयुष्य घालवू नका. थेट विचारा : मला पब्लिक आयपी देता का, आणि किती पैसे?

एवढं सांगते, पण हेही खरं की मला पुष्कळदा वाटतं, असं करायला कुणाला सांगूच नये. घरचं दार जगाला उघडून रात्री झोपणं सोपं नाही. ८ जूनला खेळाची १.१७ आवृत्ती आली, मुलांचे फोन आपोआप अद्ययावत झाले, सर्व्हर जुना राहिला आणि पुन्हा सगळं बंद. नवा उतरवा, खेळातल्या जगाचं फोल्डर जपून हलवा. हे मागे लागलेलं काम आहे, संपत नाही.

दिवाळीत आई आमच्याकडे साताऱ्याला आली तेव्हा माझ्या मुलाने तिला पडद्यावर घर दाखवलं. चष्मा पुसून ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “विहीर फणसाच्या या अंगाला नाही रे, त्या अंगाला. आणि रहाट कुठाय?” तेव्हाच्या तेव्हा मुलुंडला फोन गेला, नागपूरला गेला. रात्री अकरापर्यंत विहीर हलवणं चाललं होतं. रहाट कसा होता हे मुलांना माहीतच नव्हतं. तो पाडला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आई हातवारे करून सांगत होती, आणि माझा मुलगा तिचं बोलणं ऐकून लाकडाचा एकेक ठोकळा बसवत होता.

स्टॅटिक आयपीचे पैसे मी अजून भरते. मुलं मोठी झाली, आता महिन्यातून एखाददा येतात. गेल्या वर्षी कंपनीचा माणूस येऊन जुना डबा काढून नवा बसवून गेला. मी शाळेत होते. नव्या डब्यात माझे सगळे नियम कोरे. कुणाला विचारावंसं वाटलं नाही. संध्याकाळी घरी येऊन मी ते पुन्हा लिहिले, या वेळी न बघता, आणि डब्यावर पांढरी पट्टी चिकटवली : १९१३२, यूडीपी. विचारल्याशिवाय हात लावू नये.