वर्षभर हार्डली

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर्सला होतो. मार्च आला की अप्रेझलचा फॉर्म हातात पडायचा आणि शेवटच्या रकान्यात स्वतःच्या कामाबद्दल चार ओळी इंग्रजीत लिहाव्या लागायच्या. त्या वर्षी दोन माणसांचं काम मी एकट्यानं ओढलं होतं. स्टॉक-टेकिंगला तर दोन रात्री घरी गेलो नव्हतो. म्हणून झोकात लिहून टाकलं, 'आय हॅव वर्क्ड हार्डली थ्रूआउट द यीअर.'

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फॉर्मवर 'हार्डली'भोवती लाल पेनानं गोल केलेला. "इतकं प्रामाणिक अप्रेझल आजवर कुणी दिलं नव्हतं," ते म्हणाले. मला काही कळेना. मग त्यांनीच शेवटची 'एल' आणि 'वाय' ही दोन अक्षरं खोडली. "आता बरोबर. शेपूट लावलंत आणि वर्षभराची मेहनत घालवलीत की!"

माझा हिशेब शाळेतला होता. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, तसं हार्डचं हार्डली. पण मेहनतीनं काम केलं म्हणायचं तर नुसतं 'हार्ड'च पुरतं. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. थोडक्यात, वर्षभर मी हात हलवला तर हलवला, असं मीच सही करून दिलं होतं.

घरी येऊन डिक्शनरी काढली. एके काळी या शब्दाचा अर्थ खरोखरच 'जोर लावून', 'कष्टानं' असा होता म्हणे. जे कष्टानं होतं ते थोडंच होतं, तसा अर्थ घसरत घसरत 'जेमतेम'वर आला. चार-पाचशे वर्षं आधी फॉर्म भरला असता तर माझं वाक्य खपून गेलं असतं! आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? 'सभेला मुश्किलीनं दहा माणसं असतील' म्हणतो, तेव्हा त्या दहांना यायला काही अवघड गेलेलं नसतं.

तरी पुढच्याच वर्षी पुन्हा पाय घसरला. मराठीत आपण 'फारसा माल शिल्लक नाही' म्हणतो. 'फारसा' आला की मागून 'नाही' येणारच. तीच सवय इंग्रजीत नेली आणि बेअरिंगबद्दल पर्चेसला मेल टाकला, 'स्टॉक इज हार्डली नॉट अव्हेलेबल.' पाच मिनिटांत पर्चेसचा फोन. "अहो, माल आहे की नाही? एकदा मराठीत सांगा." 'हार्डली'च्या पोटातच नकार असतो, वर आणखी 'नॉट' घातला की उलटंच होतं. स्केअर्सली आणि बेअरली याच घरातले.

हे सगळं कामी आलं ते मुलीच्या दहावीत. 'ही हार्डली स्पीक्स' या वाक्याला क्वेश्चन टॅग लावायचा होता. तिनं 'डझन्ट ही' लिहिलं होतं, उत्तर 'डज ही' होतं. "पण बाबा, वाक्यात नॉट कुठंय?" ती भांडायलाच उठली. मी म्हटलं, "दिसत नाही, पण आहे." तिचा विश्वास बसेना. शेवटी 'हार्डली'च्या जागी 'नेव्हर' ठेवून दाखवलं, तेव्हा कुठं पटलं. 'हार्डली हॅड आय रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट' मात्र तिनं एका दमात लिहिलं. त्यात 'हॅड' उडी मारून पुढं का येतो, हे मी विचारलं नाही. तिनं मला विचारलं असतं तर पंचाईत झाली असती.

बोलताना मात्र मी अजून 'हार्डली दहा मिनिटं लागतील' असं बिनधास्त म्हणतो. आमच्याकडं सगळेच म्हणतात, आणि अर्धा तास लावतात.

त्या फॉर्मची झेरॉक्स माझ्या फायलीत आहे. लाल गोल तिच्यात काळा आला आहे.